गोळी केवढी, नळी केवढी?

'थ्री-नॉट-थ्री', 'बारा बोअर', 'सेव्हन पॉइंट सिक्स टू' असे शब्द तुम्ही बातम्यांत किंवा कथा-कादंबऱ्यांत नक्कीच वाचले असतील. हे कशाचे आकडे आहेत? बंदुकीच्या लांबीचे, वजनाचे की ताकदीचे? वस्तुतः यांपैकी कशाचेच नाहीत. हे आकडे आहेत नळीच्या आतील छिद्राच्या व्यासाचे. या व्यासाला कॅलिबर किंवा बोअर म्हणतात.

अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत हौशी नेमबाज आपली रायफल कारागिराकडून खास बेतून घेतात. आपण शिंप्याकडे जाऊन मापाचा कोट शिवून घ्यावा, तसाच हा प्रकार. नळी एका कारखान्याची, काडतूस उडविण्याची यंत्रणा दुसऱ्याची, आणि लाकडी दस्ता स्वतःच्या खांद्याच्या व हाताच्या मापाचा. अशा वेळी कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो हाच : कॅलिबर कोणते? कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका उत्तरावर अवलंबून असतात. नळीची जाडी, तिच्यातील आट्यांचा पीळ, रायफलचे वजन, खांद्याला बसणारा दणका, इतकेच काय पण नळी किती दिवस टिकेल तेही.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बनविण्यास आणि बाळगण्यास परवाना लागतो. तेव्हा रायफल बेतून घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येणार नाही. पण कारागिराच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बंदूक हातात घ्यावी लागत नाही. शाळेत शिकलेले न्यूटनचे नियम, गतिज ऊर्जेचे सूत्र आणि थोडे अंकगणित एवढ्यावर ते सापडते. तर मग, विद्यार्थी मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या!

आकड्यांचा घोटाळा

प्रथम आकड्यांची ओळख करून घेऊ. 'थ्री-नॉट-थ्री' म्हणजे ०.३०३ इंच, अर्थात ७.७ मि.मी. ७.६२ हा आकडा सरळ मिलिमीटरमध्ये आहे. पण 'बारा बोअर' म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे! एक पौंड शिशाच्या बारा सारख्या वजनाच्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम आणि शिशाची घनता दर घन सें.मी.ला ११.३४ ग्रॅम. यावरून एका गोळीचे घनफळ व मग व्यास काढा. उत्तर सुमारे १८.५ मि.मी. यायला हवे. यातली गंमत अशी की, बोअरचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. वीस बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा बारीक असते.

रायफलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा, म्हणजे आटे, कोरलेले असतात. त्यामुळे तिला दोन व्यास असतात. एक उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचा, आणि दुसरा खाचेच्या तळापासून समोरच्या तळापर्यंतचा. गोळी या खाचांत घट्ट बसावी लागते, म्हणून ती दुसऱ्या, मोठ्या व्यासाची असते. ७.६२ मि.मी. नळीतील गोळी प्रत्यक्षात ७.८ मि.मी. जाड असते. अमेरिकेत हेच माप इंचात धरून '०.३०८' म्हणतात. म्हणजे ७.६२ आणि ०.३०८ ही एकाच आकाराच्या गोळीची दोन नावे झाली!

छिद्र लहान का झाले?

अठराव्या शतकातील इंग्रज शिपायाच्या मस्केट बंदुकीची नळी ०.७५ इंच, म्हणजे १९ मि.मी. व्यासाची होती. ज्या एन्फिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे वणवा पेटला, ती १८५३ च्या नमुन्याची रायफल ०.५७७ इंचांची, म्हणजे १४.७ मि.मी.ची होती. १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली मार्टिनी-हेन्री ०.४५० इंचांची, म्हणजे ११.४ मि.मी.ची. आणि १८८८ साली ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मि.मी. शंभर-सव्वाशे वर्षांत छिद्र निम्म्याहून लहान झाले. तसे का बरे?

याचे उत्तर दारूत आहे. जुनी काळी दारू (कोळसा, गंधक आणि सोरा यांचे मिश्रण) गोळीला फार वेग देऊ शकत नसे. वेग वाढत नाही म्हटल्यावर ताकद वाढविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोळी जड करणे. जड गोळी म्हणजे जाड गोळी आणि जाड गोळी म्हणजे मोठे छिद्र. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू तयार केली. दोनच वर्षांनी, १८८६ साली, फ्रेंचांनी ८ मि.मी.ची लेबेल रायफल काढली आणि साऱ्या युरोपचे धाबे दणाणले. ब्रिटनची ०.३०३ सुरुवातीला काळ्या दारूवरच चालत असे. पुढे तिच्यात कॉर्डाइट ही धूररहित दारू वापरू लागले.

आता हिशेब पाहू. मार्टिनी-हेन्रीची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ४११ मीटर. १९१० साली आलेल्या सुधारित ०.३०३ काडतुसाची गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग ७४४ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. या सूत्राने मार्टिनीच्या गोळीची ऊर्जा सुमारे २,६०० ज्यूल येते, तर ०.३०३ ची सुमारे ३,१०० ज्यूल. जवळजवळ एक-तृतीयांश वजनाच्या गोळीने मोठ्या गोळीवर मात केली, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

आणि दणका? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते. संवेग अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलला मागे मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. येथे वर्ग नाही. मार्टिनीच्या गोळीचा संवेग १२.७, तर ०.३०३ चा अवघा ८.४ किलोग्रॅम-मीटर दर सेकंद. दोन्ही रायफली ४ किलोच्या धरल्या, तर मार्टिनी सेकंदाला ३.२ मीटर वेगाने खांद्यावर आदळेल, ०.३०३ मात्र २.१ मीटर वेगाने. (नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचाही दणका असतो, तो आपण येथे धरलेला नाही.) ताकद जास्त आणि दणका कमी! लहान छिद्राचे रहस्य हे असे आहे.

व्यास तोच, बंदूक निराळी

तेव्हा लहान तेवढे चांगले, असे म्हणायचे का? थांबा. खाली पाच गोळ्यांची ढोबळ मापे दिली आहेत. क्रमाने व्यास, वजन, नळीच्या तोंडाशी असलेला वेग आणि ऊर्जा पाहा.

(१) हवाई रायफलचा छर्रा : ४.५ मि.मी., ०.५३ ग्रॅम, १७० मीटर, ७.७ ज्यूल.
(२) ०.२२ इंची स्पर्धेची गोळी : ५.७ मि.मी., २.६ ग्रॅम, ३३० मीटर, १४२ ज्यूल.
(३) ५.५६ लष्करी गोळी : ५.७ मि.मी., ३.६ ग्रॅम, ९९० मीटर, १,७६० ज्यूल.
(४) ६ मि.मी. स्पर्धेची गोळी : ६.२ मि.मी., ६.८ ग्रॅम, ८६५ मीटर, २,५४० ज्यूल.
(५) ७.६२ लष्करी गोळी : ७.८ मि.मी., ९.५ ग्रॅम, ८४० मीटर, ३,३५० ज्यूल.

दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. व्यास अगदी सारखा, पण ऊर्जेत बारापटींचे अंतर! एक गोळी ऑलिंपिकच्या मैदानात कागदाला भोक पाडण्यासाठी, तर दुसरी युद्धासाठी. फरक काडतुसाच्या पोटात आहे. लष्करी काडतुसात दारू कितीतरी अधिक मावते. तेव्हा केवळ व्यास सांगून रायफल कळत नाही. म्हणूनच जाणकार लोक व्यासाबरोबर काडतुसाच्या पितळी कोशाची लांबीही सांगतात : ७.६२ बाय ५१, ७.६२ बाय ३९ असे. या दोन्ही '७.६२'च आहेत, पण एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलमध्ये चालत नाही.

चालत नाही म्हणजे काय, तेही समजून घ्या. ७.६२ बाय ५१ काडतूस उडते तेव्हा नळीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजारपटींपर्यंत चढतो. गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ जेमतेम ४८ चौरस मिलिमीटर. पण तेवढ्यावर सुमारे दोन टन वजनाइतका जोर येतो, आणि तेवढाच मागे, नेमबाजाच्या तोंडासमोर असलेल्या खटक्यावर. मापात न बसणारे काडतूस येथे घातले तर काय होईल, ते सांगायला नकोच. कारागिराकडून नळी कोरून घेताना एक मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजला जातो तो यासाठी.

खळ्यावरची उपणणी

आता गोळी नळीबाहेर पडली. पुढे तिची गाठ हवेशी आहे.

शेतकरी खळ्यावर धान्य उपणतो ते तुम्ही पाहिले असेल. सुपातून धान्य खाली सोडले की दाणे पायाशी पडतात आणि भूस वाऱ्याबरोबर दूर उडून जाते. वारा दोघांना सारखाच, मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी? कारण वाऱ्याचा जोर वस्तूच्या पृष्ठभागावर असतो, आणि त्याला तोंड देते ते तिचे वस्तुमान. दाण्याला त्याच्या आकाराच्या मानाने वस्तुमान पुष्कळ, भुसाला अगदी थोडे.

गोळीचेही तसेच आहे. एकाच आकाराच्या दोन गोळ्या घ्या, दुसरी पहिलीच्या दुप्पट जाड व दुप्पट लांब. तिचे वस्तुमान आठपट होते (दोनाचा घन), पण हवेला सामोरे येणारे क्षेत्रफळ फक्त चौपट (दोनाचा वर्ग). म्हणजे मोठ्या गोळीला हवेचा अडथळा वस्तुमानाच्या मानाने निम्माच होतो. बारीक पावसाचे थेंब अलगद येतात आणि मोठी गार मात्र पत्र्यावर ताडकन आदळते, ते याच कारणाने. येथे मोठ्या कॅलिबरची सरशी होते. दूरवर वेग टिकविण्यात मोठी गोळी वरचढ.

पण दणका विसरू नका! वस्तुमान आठपट झाले की त्याच वेगाला दणक्याचा संवेगही आठपट होतो. असा हा पेच आहे. हवेला तोंड देण्यासाठी गोळी मोठी हवी, खांद्यासाठी ती लहान हवी.

यातून वाट काय? गोळी जाड न करता लांब करायची. जाडी तीच ठेवून लांबी वाढविली, तर हवेला सामोरे येणारे क्षेत्रफळ वाढत नाही, वस्तुमान मात्र वाढते. गोळीचे वजन (ग्रॅममध्ये) व्यासाच्या (मि.मी.मध्ये) वर्गाने भागले की तिची ही क्षमता कळते. वरच्या पाच गोळ्यांसाठी हा भागाकार करून पाहा. उत्तरे अनुक्रमे ०.०३, ०.०८, ०.११, ०.१८ आणि ०.१६ येतील. शेवटच्या दोन आकड्यांकडे लक्ष द्या. ६ मि.मी.ची सडपातळ लांब गोळी ७.६२ च्या जड गोळीपेक्षा या बाबतीत सरस ठरली! तिला अणकुचीदार टोक आणि मागे निमुळते बूड दिले, की हवा आणखी सहज कापली जाते.

वारा गोळीला किती ढकलतो?

बाजूने वारा वाहत असेल तर गोळी किती सरकेल? पुष्कळांना वाटते, वाऱ्याचा वेग गुणिले गोळीला लागलेला वेळ. तसे मुळीच नाही. गोळी काही वाऱ्यात तरंगणारे पीस नव्हे. हवेमुळे गोळीला जो उशीर झाला, तेवढ्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणावयाचे. हवेने गोळीला अडविलेच नाही, तर ती सरकणारही नाही.

०.२२ इंची गोळीचे उदाहरण घेऊ. वेग सेकंदाला ३३० मीटर असाच राहिला असता, तर ५० मीटर जायला ०.१५१ सेकंद लागले असते. हवेमुळे ती मंदावते आणि प्रत्यक्षात सुमारे ०.१५७ सेकंद लागतात. उशीर झाला ०.००६ सेकंदाचा. बाजूचा वारा सेकंदाला ३ मीटर असेल (झाडाची पाने नुसती सळसळत राहतील एवढाच), तर गोळी ३ गुणिले ०.००६, म्हणजे ०.०१८ मीटर, अर्थात १८ मि.मी. सरकेल. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवढे असते? १०.४ मि.मी. व्यासाचे! म्हणजे वारा ओळखला नाही, तर अचूक धरलेल्या नेमाला दहाच्या ऐवजी आठ गुण. ज्या स्पर्धेत एका गुणाच्या अंशाने पदक हुकते, तेथे पाने हलविणारी ही झुळूक वर्षांची मेहनत वाया घालवू शकते.

मग ही गोळी अधिक जोरात का सोडत नाहीत? येथे निसर्गाने एक चकवा ठेवला आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वस्तूचा वेग त्याच्या आसपास पोहोचला की हवेचा अडथळा एकदम वाढतो. ०.२२ इंची गोळी सेकंदाला ४०० मीटरने सोडली, तर तिला होणारा उशीर ३३० मीटरच्या गोळीपेक्षा जास्त भरतो आणि वारा तिला अधिक सरकवतो. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेली असतात.

भोवऱ्याचा पीळ

लांब गोळी उत्तम, मग पेन्सिलीसारखी लांबच लांब का करू नये? कारण लांब गोळी हवेत कोलांट्या खाते. तिला सरळ ठेवायचे तर भोवऱ्यासारखे फिरवावे लागते. नळीतील पेचदार आटे हेच काम करतात. गोळी जितकी लांब, तितकी ती जोरात फिरवावी लागते, म्हणजे आट्यांचा पीळ तितका घट्ट हवा.

किती घट्ट? १८७९ साली इंग्लंडमधील वुलिच येथील लष्करी अकादमीचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. उत्तर येते ते एका पूर्ण फेऱ्याला लागणाऱ्या नळीच्या लांबीचे. ७.८ मि.मी. व्यासाची, ३० मि.मी. लांब गोळी घ्या. ७.८ चा वर्ग ६०.८, गुणिले १५०, भागिले ३०, म्हणजे ३०४ मि.मी. दर ३० सें.मी.ला एक फेरा. अशा रायफलींना प्रत्यक्षातही १२ इंची, म्हणजे साधारण एवढाच पीळ असतो! ६.२ मि.मी. व्यासाच्या ३२ मि.मी. लांब गोळीला मात्र सूत्राप्रमाणे १८ सें.मी. येतात, प्रत्यक्षात २० सें.मी.च्या आसपासचा पीळ वापरतात. सेकंदाला ८६५ मीटर जाणारी गोळी दर २० सें.मी.ला एक फेरा घेत असेल, तर सेकंदाला तिचे चार हजारांहून अधिक फेरे होतात. तुमच्या डोक्यावरचा छताचा पंखा सेकंदाला पाच-सहा फेरेच घेतो.

यावरून कारागीर कॅलिबरबरोबर 'गोळी किती लांब वापरणार?' हेही का विचारतो, ते ध्यानात येईल. आटे एकदा कोरले की पुन्हा बदलता येत नाहीत.

नळीचे आयुष्य

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नळी झिजते! जळत्या दारूच्या वायूंचे तापमान लोखंडाच्या वितळबिंदूपेक्षाही (१,५३८ अंश सेल्सियस) वर जाते. गोळी नळीत एक-दीड सहस्रांश सेकंदच असते, म्हणून पोलाद वितळत नाही. पण नळीच्या सुरुवातीचा भाग दर बाराला थोडा थोडा भाजून तडकत जातो. तेवढीच दारू लहान छिद्रातून ढकलली, तर हा मारा अधिक तीव्र होतो. अरुंद दारातून गर्दी बाहेर पडताना चौकट खिळखिळी व्हावी, तसे. २००७ साली अमेरिकेत निघालेले ६.५ मि.मी.चे क्रीडमूर काडतूस लांब पल्ल्याच्या नेमबाजांत फार लोकप्रिय झाले. पण तिच्या नळीची अचूकता साधारण दोन-तीन हजार बारांनंतर घटू लागते, तर ०.३०८ ची नळी त्याहून पुष्कळ अधिक टिकते. जो नेमबाज आठवड्याला शंभर गोळ्या सरावाला उडवितो, त्याची नळी वर्ष-सहा महिन्यांत बदलायची वेळ येते. म्हणजे कॅलिबर निवडणे हा पैशाचाही प्रश्न झाला.

आता निवड करा

समजा, कारागीर तुमच्या पुढे बसला आहे. त्याला आधी सांगा, अंतर किती आणि काम काय.

अंतर १० मीटर असेल, तर वारा नाही, अडथळ्याची चिंता नाही. ४.५ मि.मी.चा छर्रा आणि दाबलेली हवा पुरे. दणका जवळजवळ शून्य. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. या लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मि.मी.चा असतो, छर्रा त्याला नुसता स्पर्शून गेला तरी गुण मिळतो. म्हणजे जाड छर्रा वापरणाऱ्याला फायदाच झाला असता. तसे होऊ नये म्हणून व्यास नियमानेच बांधून दिलेला आहे.

अंतर ५० मीटर असेल तर ५.६ मि.मी., म्हणजे आपली ०.२२ इंची. यातही नियमाने पर्याय ठेवलेला नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच अंतरावर, याच गोळीने. कॅलिबर सर्वांचे सारखे. मग नेमबाज निवड करतात ती काडतुसांच्या घाण्याची! एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या वेळी बनलेल्या काडतुसांतून आपल्या नळीशी उत्तम जुळणारी कोणती, ते रायफल पक्की आवळून, गोळ्या उडवून ठरवितात.

अंतर ३०० मीटर असेल तर मात्र खरी निवड आली. नियम एवढाच की, कॅलिबर ८ मि.मी.पेक्षा मोठे नको. सेकंदाला ३ मीटरच्या बाजूच्या वाऱ्यात ७.६२ ची लष्करी गोळी येथे साधारण १५ सें.मी. सरकते, तर ६ मि.मी.ची सडपातळ गोळी सुमारे १० सें.मी. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५ सें.मी. शिवाय पडून नेम धरण्याच्या स्पर्धेत ६० गोळ्या उडवायच्या. ७.६२ चा संवेग ८, तर ६ मि.मी.चा ५.९. साठ वेळा दणका सोसलेला खांदा शेवटच्या गोळीला चाप ओढण्याआधीच आकसतो. म्हणून या स्पर्धेतील पुष्कळ नेमबाज ६ मि.मी. निवडतात. नियमाने मोठी गोळी चालत असूनही!

आणि अंतर हजार मीटरच्या घरात गेले, की वजनदार लांब गोळी लागते, तेथे ६.५ ते ७.६२ मि.मी. आणि त्याहूनही मोठी कॅलिबरे पुढे येतात.

हिशेब बरोबर, निर्णय वेगळा

शेवटी एक इतिहास सांगायला हवा. १९२० नंतर अमेरिकन सैन्य आपल्या नव्या रायफलसाठी ०.२७६ इंच, म्हणजे ७ मि.मी.च्या काडतुसाची चाचणी घेत होते. काडतूस हलके, दणका कमी. परीक्षकांचे मत अनुकूल होते. पण १९३२ साली लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते नाकारले. कोठारांत जुन्या ०.३० इंची काडतुसांचा प्रचंड साठा पडून होता आणि जागतिक मंदीमुळे तिजोरीत पैसा नव्हता. भौतिकशास्त्राचे उत्तर एक आले, कोठाराचे दुसरे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ०.३० वरच लढली. आपल्या सैन्यानेही ०.३०३ नंतर ७.६२, मग १९९० च्या दशकात ५.५६ आणि २०१९ नंतर काही पलटणींसाठी पुन्हा ७.६२ अशी वळणे घेतली. २०२२ साली अमेरिकन सैन्याने नव्या रायफलसाठी ६.८ मि.मी. निवडले. सर्वांत उत्तम असे एकच कॅलिबर असते, तर ते शोधून हे सारे देश केव्हाच थांबले असते.

तसे ते नाहीच. एकीकडे मिळविले की दुसरीकडे गमवावे लागते. वेग घ्या, नळी झिजते. वजन घ्या, दणका बसतो. लांबी घ्या, पीळ घट्ट करावा लागतो. पूल बांधणारा, विमान बनविणारा, सायकलच्या दात्यांची संख्या ठरविणारा, प्रत्येक अभियंता हाच सौदा करीत असतो. 'सर्वांत चांगले कोणते?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कशासाठी?' असे आधी विचारले, की उत्तर हिशेबाने काढता येते.

तुम्ही सोडवून पाहा

(१) वरील पाचही गोळ्यांचा संवेग काढा आणि प्रत्येकीसाठी ४ किलोची रायफल किती वेगाने मागे येईल ते सांगा. रायफल ८ किलोची केली तर काय फरक पडेल?

(२) वीस बोअरच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये काढा.

(३) टेबलपंख्यासमोर एकाच उंचीवरून राजगिऱ्याचा दाणा, हरभरा आणि गोटी सोडा. कोण किती सरकते ते जमिनीवर कागद पसरून मोजा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेतला आणि तीनही आकडे फळ्यावर मांडले, तर वर्ग आणि घन यांतील फरक मुलांच्या कायमचा लक्षात राहील.